रविवारनंतरचे सहा दिवस

लोहगडाच्या पायथ्याच्या लोहगडवाडीत रविवार म्हणजे राबायचा वार. सकाळच्या लोकलने पुण्याची मंडळी मळवलीला उतरतात, भाजे गावावरून चढून वाडीत येतात आणि गड उतरल्यावर पिठलं-भाकरी मागतात. २०२५ च्या जुलैत लोहगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हा ही वर्दळ कमी होण्याची आशा नकोच. ख्रिस्ती माणसाचा उपासनेचा वारही नेमका रविवारच. पण दीड तास चर्चमध्ये बसणं तसं सोपं. श्रद्धेचा कस लागतो तो सोमवारपासून.

वाडीच्या वाटेवरच्या भाजे लेण्यांत भिक्खूंच्या खोल्या आहेत. त्यांतले दगडी ओटे बघितले की कळतं, दोन हजार वर्षांपूर्वीही साधनेला आधी रोजची बैठक लागायची. डोंगराच्या याच रांगेत, लोणावळ्याला, फादर अँथनी डिमेलो यांनी १९७८ मध्ये आपली ‘साधना’ संस्था पुण्याहून आणली. मुंबईत जन्मलेले हे येशूसंघीय धर्मगुरू. त्याच वर्षी आलेलं त्यांचं ‘साधना’ हे पुस्तक सिद्धान्तात फारसं शिरत नाही. श्वासाकडे लक्ष द्या, कानावर पडणारे आवाज ऐका, मग शुभवर्तमानातला एखादा प्रसंग डोळ्यांपुढे आणून त्यात स्वतः जाऊन उभे राहा, असे रोज करायचे पाठ त्यात आहेत. पुढे १९९८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, व्हॅटिकनने त्यांच्या काही विचारांवर आक्षेप घेतला. त्या वादात पडायची माझी तयारी नाही. प्रार्थना ही अंगवळणी पाडायची गोष्ट आहे, एवढं मात्र त्यांनी अनेकांना पटवलं.

पण एकांतातली साधना वेगळी आणि नांदत्या घरातली वेगळी. या दुसरीसाठी लक्ष्मीबाई टिळकांकडेच जावं लागतं. १८९५ मध्ये त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षं ताटातूट झाली. पुढे नवऱ्याजवळ राहायला आल्या तरी त्यांनी आपलं सोवळं सोडलं नाही. एका छपराखाली दोन धर्म आणि चूल-पाण्याचे दोन हिशोब! सोवळं गळालं ते कुणाच्या प्रवचनाने नव्हे. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच स्वतःला घातला आणि उत्तर मिळाल्यावर शिवाशीव सोडून दिली. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवरा असा, की घरात आलेला पैसा संध्याकाळपर्यंत टिकेल याची खात्री नाही. त्यात दुष्काळातली पोरकी मुलं घरात येऊन राहिलेली. त्या सगळ्यांच्या भाकऱ्या थापता थापता ही बाई ख्रिस्ती होत गेली. बाप्तिस्म्याची तारीख एकच असते, ही घडण मात्र वर्षानुवर्षं चालते. १९१९ मध्ये टिळक गेले, त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तावरचं काव्य अर्धवट राहिलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे अध्याय रचून ते पुरं केलं.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनीही प्रार्थनेला कामापासून तोडलं नाही. शेती, विणकाम, छापखाना, सगळं आश्रमातल्या बायका-मुली करत. रमाबाई स्वतः मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणत होत्या. ते काम १९२२ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत चाललं. त्याच्या तीनशे वर्षं आधी, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्स या येशूसंघीय धर्मगुरूंनी गोव्यात मराठीतलं ‘क्रिस्तपुराण’ छापलं. सुमारे अकरा हजार ओव्या, त्याही ऐकणाऱ्यांच्या तोंडी बसतील अशा. वसईत आणि गोव्यात दिवेलागणीला घरोघर होणारी रोझरी हा त्याच जातीचा नेम. हल्ली टीव्हीवरच्या मालिकांची वेळही तीच असते, ही अडचण खरी आहे.

लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ आपण विनोदासाठी वाचतो, टिळकांच्या विक्षिप्तपणासाठी वाचतो. या दिवाळीत ते पुन्हा काढा आणि लक्ष्मीबाईंचं सोवळं सुटतं ती पानं सावकाश वाचा.