आधी नुसतं बघायचं

स्तनपान सल्लागार घरात आली की सुरुवातीला ती काहीच करत नाही, असं घरच्यांना वाटतं. ती हात धुते, खुर्ची ओढून बाळंतिणीच्या जरा बाजूला बसते आणि बघत राहते. बाळाच्या मुठी आवळलेल्या आहेत की सैल? आईचे खांदे वर चढलेत का? तिचे पाय जमिनीला टेकलेत की पलंगावरून लोंबतायत? खोलीत एकाच वेळी किती जण तिला सूचना देतायत? बाहेर गुदैबियाच्या गल्लीत ऑगस्टचं ऊन, आत एसीची घरघर आणि दारात बाळाचे बाबा. रात्रपाळी करून आलेले, डोळे लाल. ‘मॅडम, दूध येतंय की नाही एवढंच सांगा.’ मॅडम म्हणतात, ‘सांगते. आधी बाळाला भूक लागू दे.’

बहरीनमधल्या मराठी घरांत हे काम करणाऱ्या या ताईंबरोबर, त्या त्या घरची परवानगी घेऊन, मी फिरले. गोष्ट बाळंतिणीच्या खोलीतली आहे, म्हणून नावं कुणाचीच देत नाही.

बाळंतपण इथे चांगलं होतं. सलमानियासारखं मोठं सरकारी रुग्णालय आहे, शंभराहून अधिक वर्षांची परंपरा असलेलं अमेरिकन मिशन हॉस्पिटल आहे. अवघड काळ सुरू होतो तो घरी आल्यावर, तिसऱ्या-चौथ्या दिवशी. तोवर बाळाला चीक पुरलेला असतो, तोही थेंबाथेंबाने, आणि तेवढाच त्याला हवा असतो. मग दूध उतरतं, छाती दगडासारखी घट्ट होते. बाळाला ती नीट तोंडात धरता येत नाही, ते रडतं, आणि आई त्याच्याहून जास्त रडते. सांगली-साताऱ्याकडे असती तर या क्षणी घरात चार बायका असत्या. बहरीनच्या फ्लॅटमध्ये असते ती व्हिजिट व्हिसावर आलेली एक आई किंवा सासू, तीही परक्या मुलखात बावरलेली, आणि मोबाईलवर दिवसभर येणारे सल्ले.

बाळ चुळबुळायला लागतं. मान इकडेतिकडे वळवतं, मूठ तोंडाकडे नेतं. आजी म्हणतात, ‘अजून रडला कुठे?’ ताई म्हणतात, ‘काकू, रडणं ही भुकेची शेवटची खूण. रडायला लागला की जीभ वर जाते, मग त्याला धरायला जमत नाही. आत्ताच घेऊ या.’ आणि तरीही त्या बाळाला हात लावत नाहीत. त्या आईला बसवतात. पाठ टेकलेली, पायाखाली पाट नाही म्हणून तांदळाची पाच किलोची पिशवी. बाळाचं पोट आईच्या पोटाला. त्याचा कान, खांदा आणि कंबर एका रेषेत. उजव्या बाजूला पाजायचं तर बाळाला डाव्या हाताने धरायचं, तळवा त्याच्या मानेच्या खाली, डोक्यावर जोर नाही. उजव्या हाताने स्तनाला खालून आधार, अंगठा एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला. बाळाचं नाक स्तनाग्रासमोर, तोंड नव्हे. मग थांबायचं.

हे थांबणं फार कठीण असतं. बाळ ओठ चाटतं, तोंड अर्धवट उघडतं, आणि दुखत असूनही आई घाईने स्तनाग्र त्याच्या ओठांत सरकवायला जाते. ‘अजून नाही,’ ताई हळूच म्हणतात. बाळ जांभई दिल्यासारखं मोठं तोंड उघडतं. ‘आता, जवळ घे.’ हनुवटी आधी टेकते, खालचा ओठ बाहेर वळतो. काळ्या भागाचा खालचा हिस्सा आत जातो, वरचा थोडा दिसत राहतो. आधी भराभर चोखणं. साधारण मिनिटभराने पान्हा फुटतो आणि चाल बदलते. जबडा खोल खाली जातो, क्षणभर थबकतो आणि गिळल्याचा बारीकसा आवाज येतो. तो थबकणारा जबडा बघायला ताई बाळाच्या बाबांना जवळ बोलावतात. ‘तुम्ही विचारलं होतं ना, येतंय का. हे बघा, तोंड भरलं की हनुवटी थांबते.’

बाळ सुटल्यावर त्या स्तनाग्राचा आकार बघतात. चपटं, तिरकं दाबलेलं असेल तर पकड उथळ होती, चिरा तिथूनच पडतात. गोल असेल तर ठीक. ही तपासणी बाजारातल्या कुठल्याही मलमापेक्षा मोलाची आहे असं माझं मत झालं, कारण ती आईला स्वतःला, रात्री तीन वाजता, कुणालाही न विचारता करता येते. यासाठी मराठीत चांगले व्हिडिओही आहेत. मुंबई आयआयटीत डॉ. रूपल दलाल यांच्या मार्गदर्शनाखाली स्तनपानाची पकड, बाळाला धरण्याच्या पद्धती आणि पोषण यांवर बारकाईने धडे तयार झाले आहेत. ताई ते आधी दाखवत नाहीत, भेट संपल्यावर पाठवतात. आधी पडदा बघितला की आई बाळाकडे न बघता पडद्यासारखं करायला जाते, असं त्या म्हणतात.

आजींचा मुद्दा पाण्याचा होता. एवढ्या उकाड्यात लेकराला दोन चमचे पाणी नको? घसा सुकत असेल. हे प्रेमच आहे आणि ताई ते तसंच घेतात. त्या सांगतात की आईच्या दुधात बहुतेक भाग पाणीच असतो. उन्हाळ्यातसुद्धा सहा महिने वेगळं पाणी लागत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाण्याने एवढंसं पोट भरलं की दूध कमी प्यायलं जातं, आणि कमी प्यायलं गेलं की कमी बनतं. गुटीचं तेच. मध तर वर्षभर नाहीच, त्यातून होऊ शकणारी विषबाधा तान्ह्या बाळाला जीवघेणी ठरू शकते. झोपेसाठी जायफळ उगाळून चाटवायचंही नाही. आजींचा चेहरा उतरला. म्हणजे आम्ही केलं ते सगळं चुकीचं?

इथे ताईंनी जे केलं ते मला या कामातलं सगळ्यात नाजूक वाटलं. आजींच्या पोतडीतलं जे आईच्या पोटात जायचं, ते जवळजवळ सगळं त्यांनी ठेवलं. डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी, जेवणानंतर बाळंतशेपा. अळिवाचे लाडू संपले होते. ताईंनी मनामाच्या बाजारातलं मसाल्याचं दुकान सांगितलं, तिथे ‘रशाद’ मागायचा. खाडीतल्या अरब घरांतही बाळंतिणीला हेच बी खाऊ घालतात, त्यांच्याकडेही बाळंतिणीचे चाळीस दिवस सांभाळतात. आजींना हे ऐकून हायसं वाटलं. बाळाचं मालीश त्यांच्याकडेच राहिलं, फक्त नाकाकानात तेल घालायचं नाही, टाळू दाबायची नाही. एसीतला गारवा आणि वरून दोन दुपटी, टोपी, मोजे, यातलं निम्मं काढलं, कारण बाळ तापणं हे गारठण्याइतकंच वाईट.

दूध पुरत नाही ही शंका जवळजवळ प्रत्येक घरात भेटली. संध्याकाळी बाळ तासातासाला मागतं, काही आठवड्यांनी छाती मऊ पडते, पंपात जेमतेम तळ झाकेल एवढंच निघतं. आई यातल्या प्रत्येकाचा अर्थ एकच लावते. ताई फ्रिजवर कागद लावायला सांगतात, शी-शूचा हिशेब. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा तरी भिजलेले लंगोट, पिवळी शी, आणि दोन आठवड्यांच्या आत बाळ जन्मवजनावर परत. एवढं असेल तर दूध पुरतंय. नसेल तर त्या आडवळण घेत नाहीत. एका घरात बाळ सुस्त होतं, पाजायलाही उठत नव्हतं, डोळे पिवळसर. ताईंनी पकड वगैरे बाजूला ठेवली आणि त्यांना त्याच तासाला डॉक्टरांकडे पाठवलं. दुसऱ्या एका घरात वरचं दूध सुरू करा असं स्वतःच सांगितलं, काढलेलं दूध आधी, डब्याचं त्यानंतर, आणि छाती रिकामी करणं चालू. त्या आईला अपराधी वाटू नये यासाठी त्या जवळजवळ तासभर बसल्या. मुंबईत शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९मध्ये दूधपेढी सुरू केली, तशी सोय इथे सुचवता येत नाही. इस्लाममध्ये एकाच स्त्रीचं दूध प्यायलेली मुलं भावंडं ठरतात, त्यांचं आपसात लग्न होऊ शकत नाही. त्यामुळे अनोळखी आयांचं एकत्र केलेलं दूध या समाजाला चालणं अवघड आहे. पण डब्याच्या दुधाच्या जाहिरातबाजीला आळा घालणारा कायदा बहरीनने १९९५मध्येच केला, आपल्याकडच्या १९९२च्या कायद्यानंतर तीनच वर्षांनी.

झोपेबद्दल ताईंचा सल्ला ऐकून बाबा लोक निराश होतात, कारण त्यात युक्ती नसते. तान्ह्या बाळाची निम्मी झोप चळवळी असते. ते कण्हतं, तोंड वाकडं करतं, हातपाय झाडतं, आणि झोपलेलंच असतं. घाईने उचललं की आपणच त्याला जागं करतो. तेव्हा थोडं थांबायचं, बघायचं. पहिले दोन-तीन महिने त्याला दिवस-रात्र कळत नाही, आणि इथल्या घरांत तर कळायला वावच नसतो. मे ते सप्टेंबर पडदे दिवसभर ओढलेले, दिवे लावलेले. ताई सकाळी पडदे उघडायला लावतात, ऊन काचेबाहेर राहिलं तरी उजेड आत येऊ दे म्हणून. रात्री पाजताना मोठा दिवा नाही, बोलणं नाही, मोबाईल नाही. बाळ उताणं, पाठीवर, सपाट गादीवर, उशीशिवाय, आईच्या खोलीत पण वेगळ्या बिछान्यावर. आणि कितीही थकवा असला तरी बाळाला घेऊन सोफ्यावर डोळा लागू द्यायचा नाही. रात्रीचं एक पाजणं झालं की ढेकर काढणं, लंगोट बदलणं आणि परत झोपवणं बाबांकडे. यातून आईला सलग झोपेचा जो तुकडा मिळतो, त्याने तिच्या रडण्यात पडलेला फरक मी दोन घरांत डोळ्यांनी पाहिला. तरीही उदासी हटत नसेल, स्वतःबद्दल किंवा बाळाबद्दल भीतिदायक विचार येत असतील, तर ताई घरच्यांसमोर स्पष्ट सांगतात की हा दूध-झोपेचा प्रश्न नाही, डॉक्टरांना भेटायचं.

नोकरी करणाऱ्या आयांचा वेळ इथे फार कमी आहे. खासगी क्षेत्राला लागू असलेल्या २०१२च्या कामगार कायद्याप्रमाणे पगारी बाळंतपणाची रजा ६० दिवस, त्यावर १५ दिवस बिनपगारी. भारतात २०१७पासून ही रजा २६ आठवड्यांची आहे. पण त्याच बहरीनी कायद्यात एक चांगली तरतूद आहे. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळेत रोज दोनदा, प्रत्येकी किमान एक तास, पाजण्यासाठी सुटी, पुढे वर्षापर्यंत अर्धा-अर्धा तास. अनेकींना ती ठाऊक नसते, ठाऊक असली तरी मागायचा संकोच वाटतो. मला तर ही सुटी मागायला शिकवणं हा पकड शिकवण्याइतकाच या कामाचा भाग वाटतो. गुदैबियातल्या त्या मुलीचा अर्ज ताईंनी लिहून दिला नाही. तिलाच लिहायला लावला, कायद्याचं कलम शोधून. रुजू होण्याआधी तीन आठवडे हाताने दूध काढायचा सराव, डब्यांवर तारीख, फ्रिजमध्ये चार दिवसांच्या वर ठेवायचं नाही, आणि ऑफिसातून आणताना बर्फाची पेटी, कारण उन्हात उभ्या गाडीत दूध ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. बाळाला ते आजींनी पाजायचं होतं. बाळ जरा उभं, बाटली आडवी, मधेमधे थांबत.

आजींचा व्हिसा संपत आला तेव्हा त्यांनी वही काढली. पुढचं लिहून घ्यायचं होतं, सून विसरेल म्हणून. वरणाचं पाणी कधीपासून? ताई म्हणाल्या, ‘काकू, सहा महिने पूर्ण झाले की. आणि वरणाचं पाणी नको, वरणच. मऊ भात कुस्करून, वर तूप. चमचा तिरका केला तरी खाली ओघळणार नाही इतकं घट्ट. पोट एवढंसं, त्यात पाणी कशाला भरायचं?’ आजींनी लिहिलं, थांबल्या, आणि नाचणीचं सत्त्व दूध घालून की पाण्यात, असं विचारलं. ताईंनी आईचंच दूध काढून त्यात घालायला सांगितलं.