दोन होड्या, एक शीड आणि मावळता सूर्य

गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या मुंबईकरांना ‘कॅटामरान’ हा शब्द नवा नाही. पण ती कॅटामरान म्हणजे इंजिनावर धावणारी आणि प्रवाशांना वेळेत पैलतीरी पोहोचविणारी बोट. हवाई बेटांपैकी ओआहूच्या वाइकिकी किनाऱ्यावर सायंकाळी वाळूत नाक टेकवून उभी असणारी कॅटामरान वेगळी. तिला उंच डोलकाठी आणि मोठे शीड असते आणि तिला कोठेही पोहोचायचे नसते. पर्यटकांना घेऊन ती समुद्रात जाते, सूर्य मावळेपर्यंत रेंगाळते आणि साधारण दीड तासात परतते. अमेरिकेत मुलांकडे गेलेले आणि तेथून हवाईची सहल करणारे मराठी पर्यटक आता कमी नाहीत. या सहलीचे आकर्षण त्यांनाही असते. मात्र ही नौका चालते कशी आणि तिच्यावर विश्वास किती टाकावा, हे जाहिरातीच्या रंगीत पत्रकात लिहिलेले नसते.

प्रथम नावाविषयी. कॅटामरान हा शब्द आला तमिळमधून. ‘कट्टु’ म्हणजे बांधणे आणि ‘मरम्’ म्हणजे लाकूड अथवा झाड. कोरोमंडल किनाऱ्यावरचे कोळी ओंडके दोरखंडाने एकत्र बांधून त्यावरून मासेमारी करीत. इंग्रज दर्यावर्दी विल्यम डँपियर याने १६९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात या तराफ्यांचा उल्लेख केला आणि शब्द युरोपात पोहोचला. गंमत अशी, की या मूळ कट्टुमरमला दोन होड्या नव्हत्याच. दोन लांबट होड्या समांतर ठेवून आडव्या दांड्यांनी जोडण्याची कला प्रशांत महासागरातील पॉलिनेशियन लोकांची. आपल्या कोकणातील उलांडीची होडी या कल्पनेची दूरची नातेवाईक म्हणता येईल. तिच्यात मुख्य होडी एकच असते आणि तोल सावरण्यासाठी बाजूला लाकडी तरंगता ओंडका जोडलेला असतो. म्हणजे आजच्या कॅटामरानचे नाव तमिळ, तर देह पॉलिनेशियन.

हा देह वाइकिकीवर कसा आला, तेही ऐकण्याजोगे आहे. वुडी ब्राउन हा ग्लायडर उडविणारा आणि लाटांवर स्वार होणारा अवलिया. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ख्रिसमस बेटावर त्याने स्थानिकांच्या दुहेरी होड्यांचा वेग पाहिला. हवाईत परतल्यावर सहकाऱ्यांसह त्याने १९४७ मध्ये ‘मानू काई’ बांधली. आधुनिक काळातील पहिल्या सागरी कॅटामरानांत तिची गणना होते आणि वाइकिकीहून तिने पर्यटकांनाही फिरविले. पुढे १९७६ मध्ये ‘होकुलेआ’ ही पारंपरिक घडणीची दुहेरी नौका हवाईहून ताहितीला गेली. माउ पिआइलुग या नाविकाने कोणत्याही उपकरणाविना, तारे आणि लाटा यांच्या आधारे तिला मार्ग दाखविला. सायंकाळच्या सहलीची नौका पार्टीसाठी वापरली जाते खरी, पण तिचे कूळ असे थोर आहे.

वाइकिकीला या नौकेसाठी धक्का लागत नाही. दोन अरुंद होड्यांवर भार विभागल्याने ती फार खोल बुडत नाही. त्यामुळे थेट वाळूपर्यंत येते. पुढून शिडी खाली सोडतात आणि प्रवासी घोट्याएवढ्या, कधी गुडघाभर पाण्यातून चढतात. उन्हाळ्यात, विशेषतः मे ते सप्टेंबर, दक्षिणेकडून येणाऱ्या लाटा येथे मोठ्या असतात. त्या दिवसांत हे चढणे-उतरणे वृद्धांना जड जाते. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी बंदरातील धक्क्यावरून सुटणारी नौका निवडावी, हे उत्तम.

आता मुख्य मुद्दा. एकाच तळाच्या शिडाच्या नौकेला खाली जड वजन असते. वारा वाढला की ती कलते, शिडावरचा दाब काहीसा कमी होतो आणि तळाचे वजन तिला पुन्हा सरळ करू पाहते. हे कलणे प्रवाशाला भीतिदायक वाटते, पण ते नौकेचे बोलणे असते. वारा वाढला आहे, शीड कमी करा, असे ती सांगत असते. कॅटामरानला असे वजन नसते. तिचे स्थैर्य येते रुंदीतून. वारा वाढला तरी ती जेमतेम कलते, हातातला पेला हिंदकळत नाही, आणि म्हणूनच ती पर्यटकांची लाडकी. पण हे स्थैर्य अमर्याद नव्हे. वाऱ्याकडील होडी पाण्याबाहेर उचलली गेली, की सावरणारी शक्ती वाढण्याऐवजी घटू लागते. पूर्ण उलटलेली कॅटामरान तर पालथ्या स्थितीतही तितकीच स्थिर असते, आपणहून सरळ होत नाही. म्हणून तिचा तांडेल नौकेच्या कलण्याची वाट पाहत नाही. वाऱ्याचा वेग पाहून आधीच शीड आखडतो. सहलीच्या नौका अवजड आणि रुंद असल्याने त्या उलटण्याचे प्रसंग विरळा. तरीही शीड अर्धेच उघडलेले पाहून ‘पैसे वसूल झाले नाहीत’ म्हणणाऱ्या प्रवाशाला, तांडेल आपले काम चोख करीत आहे, हे कळायला हवे.

वाऱ्याचा जोर न कलणारी नौका सोसते, पण तो जातो कोठे? डोलकाठी आणि तिला ताणून धरणाऱ्या तारांवर. डिसेंबर २००६ मध्ये वाइकिकीच्या समुद्रात अशाच एका कॅटामरानची डोलकाठी मोडून कोसळली आणि एका पर्यटक मुलाचा बळी गेला. म्हणून नौकेची देखभाल ही केवळ रंगरंगोटीची बाब नव्हे. अमेरिकेत सहापेक्षा अधिक प्रवासी पैसे घेऊन नेणाऱ्या नौकेची तटरक्षक दलाकडून तपासणी व्हावी लागते. तिचे प्रमाणपत्र, त्यातील प्रवाशांच्या कमाल संख्येसह, नौकेवर लावलेले असते. ते शोधून वाचायला अर्धे मिनिट पुरते. जीवरक्षक जॅकेट मोठ्यांनी सतत घालून बसण्याची सक्ती तेथे सहसा नसते, पण ती ठेवली कोठे आहेत हे निघण्यापूर्वी सांगतात. त्या वेळी फोटो काढण्यात गुंतू नये. मुंबई बंदरात १८ डिसेंबर २०२४ रोजी नौदलाची वेगवान बोट घारापुरीला जाणाऱ्या प्रवासी बोटीवर आदळली आणि १५ जणांना प्राण गमवावे लागले. तेव्हापासून जॅकेटचा प्रश्न आपल्याकडे तरी थट्टेचा राहिलेला नाही.

सूर्यास्ताचे गणितही समजून घ्यावे. वाइकिकीचे अक्षांश जवळपास नागपूरचे, २१ अंश उत्तर. या अक्षांशावर सूर्य बराच सरळ खाली उतरतो. बिंब क्षितिजाला टेकल्यापासून नाहीसे होईपर्यंत सव्वादोन मिनिटांच्या आसपास वेळ लागतो. वातावरणात प्रकाश वाकत असल्याने बिंब पाण्याला टेकलेले दिसते, तेव्हा सूर्य प्रत्यक्षात क्षितिजाखाली गेलेला असतो. आपण पाहतो ती त्याची वर उचललेली प्रतिमा. मावळण्याची वेळ नोव्हेंबरअखेरीस पावणेसहाच्या सुमारास, तर जुलैच्या प्रारंभी सव्वासातच्या पुढे असते.

जाहिरातीतील छायाचित्रात सूर्य नेहमी समुद्रातच बुडतो. वाइकिकीला मात्र असे होते ते ढोबळमानाने ऑक्टोबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात सूर्य वायव्येकडे सरकतो आणि ओआहूच्याच वायअनाए डोंगररांगेमागे जातो. तो देखावाही सुंदर असतो, पण सागरात विरघळणारे बिंब पाहण्याच्या हौसेने गेलेल्याची निराशा होते. हिवाळ्यात सूर्य समुद्रात मावळतो. पण ईशान्येचे व्यापारी वारे अधूनमधून पडतात आणि नैर्ऋत्येकडून ‘कोना’ वारे थेट किनाऱ्यावर येतात. तशा दिवशी सहल रद्द होण्याचीच शक्यता अधिक, आणि ती रद्द करणाऱ्यावर रागावण्यात अर्थ नाही. डिसेंबर ते एप्रिल या काळात कुबडधारी देवमासे या पाण्यात असतात. त्यांच्यापासून किमान १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर अंतर राखणे नौकांना बंधनकारक आहे.

क्षितिज स्वच्छ असेल तर शेवटच्या क्षणी बिंबाची वरची कड हिरवी चमकताना दिसू शकते. हवेच्या थरांतून प्रकाशाचे रंग थोडे वेगवेगळे वाकतात. लाल आधी बुडतो, निळा वातावरणात विखुरला जातो आणि एखाद-दुसरा सेकंद हिरवा उरतो. भा. रा. भागवतांनी मराठी घरांत आणलेल्या ज्यूल व्हर्नने १८८२ मध्ये या हिरव्या किरणावर एक कादंबरीच लिहिली. तो पाहायचा असेल तर बिंब जवळजवळ बुडेपर्यंत त्याकडे टक लावू नये. डोळे दिपले की हिरवा रंग ओळखूच येत नाही, शिवाय डोळ्यांना अपायही होतो. दुर्बिणीतून सूर्य पाहणे तर कटाक्षाने टाळावे.

डायमंड हेड आणि मागचे डोंगर व्यापारी वाऱ्यांना अडवितात, त्यामुळे किनाऱ्यालगत पाणी शांत असते. आडोसा संपला की लाटा जाणवू लागतात. कॅटामरानवर बोट लागत नाही, हा समज खरा नाही. ती डोलत नाही, पण दोन होड्या लाटांना वेगवेगळ्या क्षणी भेटत असल्याने आखूड, झटकेदार हालचाल होते. समोरच्या जाळीवर पहुडणे मोठे सुखाचे, पण झटकेही तेथेच अधिक आणि पाणीही खालून येते. पाठीचा त्रास असणारे आणि गर्भवती यांनी मागच्या बाजूस बसावे. बोट लागण्याची गोळी घेतली असेल तर नौकेवर मिळणाऱ्या मद्याला हात लावू नये. दोन्हींची गुंगी एकमेकींना वाढविते. एक पातळ जाकीटही सोबत असावे, कारण ओल्या कपड्यांवर वारा उष्ण कटिबंधातही बोचतो.

मांडवीवरील सायंकाळच्या नाचगाण्याच्या बोटींची सवय असलेल्यांना ही सहल थोडी मुकी वाटेल. येथेही संगीत असते, पण इंजिन बंद करून केवळ शिडावर नौका चालविली जाते ती काही मिनिटे खरी मोलाची. पाणी दोन होड्यांमधून वाहत जाण्याचा आवाज तेवढा ऐकू येतो. परतताना वारा समोरून येतो, म्हणून बहुधा इंजिन पुन्हा सुरू होते. सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटांतच संधिप्रकाश ओसरतो आणि वाळूवर नौका टेकते तेव्हा शिडीच्या पायऱ्या नीट दिसत नाहीत. लाट मागे सरली की खलाशी हाक देतो. त्या हाकेनंतरच पाय खाली टाकावा.