गाणं एक, मालक तीन!

गॅदरिंग जवळ आलं की कॉलेजात दोन प्रश्न हमखास निघतात. पहिला, अँकरिंग कोण करणार? दुसरा हल्लीचा आहे, ‘हे गाणं घेतलं तर कॉपीराइट येईल का?’ मग ग्रुपमधला एखादा जाणकार छातीठोकपणे सांगतो, ‘तीस सेकंदांपर्यंत चालतं रे.’ तर मित्रांनो, असा कुठलाही नियम कायद्यात नाही. तीस सेकंदांचा नाही, पंधराचाही नाही. ‘खाली क्रेडिट दिलं की झालं’ हेही नाही.

खरं तर कायदा तुमच्याशी बराच प्रेमाने वागतो, फक्त तो कोणी वाचत नाही. कॉपीराइट कायदा १९५७ सालचा. त्याच्या कलम ५२ मध्ये सवलतींची लांबलचक यादी आहे. शैक्षणिक संस्थेच्या कार्यक्रमात विद्यार्थी आणि शिक्षकांनी गाणं म्हटलं, नाटक केलं, ट्रॅक लावून डान्स केला आणि समोर विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित मंडळीच असतील, तर कोणाची परवानगी लागत नाही. पैसेही नाहीत. तिकीट लावून गावाला बोलावलं, बाहेरचा ऑर्केस्ट्रा आणला, की ही सवलत संपते. लग्नाच्या वरातीतली गाणीही कायद्याने मोकळी आहेत. तरी लग्नात वसुलीच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की केंद्र सरकारला जुलै २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून हे पुन्हा सांगावं लागलं.

आता गंमत बघा. हॉलमध्ये जे गाणं बिनधास्त चाललं, त्याचाच व्हिडिओ यूट्यूबवर टाकला की तो अडकतो. कारण यूट्यूबवरचा प्रेक्षक म्हणजे तुमचे पालक आणि शिक्षक नव्हेत, सगळं जग आहे. गॅदरिंगची सवलत गॅदरिंगपुरतीच.

पण अडकतं नेमकं कोणामुळे? त्यासाठी आपल्या मेहकरला येऊ. ना. घ. देशपांडे मेहकरचे कवी. १९८६ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या ‘खूणगाठी’ला मिळाला. पण महाराष्ट्राला ते माहीत झाले ‘शीळ’ या कवितेमुळे. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला जी. एन. जोशी यांनी तिला चाल लावली, स्वतः गायली आणि एचएमव्हीची रेकॉर्ड घरोघर वाजली. मराठी भावगीताचा इतिहास सांगताना या गाण्याचं नाव निघतंच. बुलडाणा जिल्ह्यातल्या किती पोरांना हे माहीत आहे, हा प्रश्न मी इथे विचारत नाही!

समजा, तुमच्या बँडला ‘शीळ’ नव्या ढंगात करून रिलीज करायचंय. कायद्याच्या नजरेत हे एक गाणं नाही, तीन वस्तू आहेत. शब्द कवीचे, चाल संगीतकाराची, रेकॉर्ड कंपनीची. शब्द आणि चाल यांचा हक्क त्या-त्या माणसाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. ना. घ. गेले २००० साली, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क ३१ डिसेंबर २०६० पर्यंत आहे. चालीचा हिशेब जोशींच्या मृत्यूपासून, वेगळा. रेकॉर्डचा हक्क मात्र प्रसिद्धीपासून साठ वर्षांचा, तो केव्हाच संपला. म्हणून ती जुनी तबकडी हाती लागली तरी गाणं मोकळं झालं असं होत नाही. आवाजाचा ठसा मोकळा, आतले शब्द अजून कोणाचे तरी आहेत.

याच हिशेबाने दुसरं उदाहरण, तेही घरचंच. शेगावच्या गजानन महाराजांवरचा दासगणूंचा ‘श्री गजानन विजय’ आपल्याकडे किती घरांत वाचला जातो, सांगायला नको. दासगणू महाराज १९६२ मध्ये गेले. त्यात साठ वर्षं मिळवा. १ जानेवारी २०२३ पासून त्या ओव्यांवर कॉपीराइट उरलेला नाही, तुम्ही त्यांना चाल लावून स्वतःच्या चॅनेलवर टाकू शकता. तुकोबांचे अभंग तर मोकळेच. पण सावधान, अभंग तुकोबांचा असला तरी तुमच्या डोक्यात घोळणारी चाल बहुतेक वेळा विसाव्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराची असते. ती उचलली तर प्रश्न येतो.

यूट्यूबचा ‘क्लेम’ आला म्हणून घाबरून जाऊ नका. तो कोर्टाचा निकाल नसतो, मशीनने जुळवलेला आवाज असतो. बऱ्याचदा जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे जातात, इतकंच. ‘स्ट्राइक’ वेगळी. नव्वद दिवसांत तीन आल्या की चॅनेल बंद होऊ शकतं.

गाण्याचं झालं, आता झेरॉक्स. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्स दुकानावर २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी खटला भरला होता. शिक्षकांनी दिलेल्या यादीनुसार पुस्तकांतली प्रकरणं एकत्र करून ते दुकान विद्यार्थ्यांना गठ्ठे विकायचं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दुकानाच्या बाजूने निकाल दिला. शिकवण्याच्या ओघात लागणाऱ्या प्रती हे उल्लंघन नाही. अपिलातही मूळ मुद्दा कायम राहिला आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी खटलाच मागे घेतला. ज्या गावात संदर्भग्रंथ दुकानातही मिळत नाही आणि लायब्ररीत एकच प्रत असते, तिथल्या पोरांसाठी हा निकाल किती मोठा आहे, विचार करा. पण याचा अर्थ टेलिग्रामवर अख्ख्या गाइडची पीडीएफ फिरवायला परवानगी मिळाली असा नाही. ते शिकवणं नव्हे, वाटप आहे.

आणि हो, तुमची तपासलेली उत्तरपत्रिका. ती पाहणं हा माहिती अधिकारात तुमचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलंय. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर.

शेवटी, तुम्ही स्वतः लिहिता-गाता त्याचं काय? मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कारण आपल्याकडे लिहिणारी, चाल लावणारी पोरं भरपूर आहेत आणि ‘तुझं गाणं आमच्या चॅनेलवर टाकतो’ म्हणणारेही भरपूर. काहीही लेखी न देता हक्क दुसऱ्याचा होत नाही, कायद्याला सहीचा कागद लागतो. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. समोरच्याने वर्षभर गाण्याचं काहीच केलं नाही आणि करारात वेगळं ठरलेलं नसेल, तर हक्क परत तुमच्याकडे येतो. २०१२च्या दुरुस्तीने तर आणखी एक गोष्ट पक्की केली. रेकॉर्ड झालेल्या गाण्याच्या रॉयल्टीतला गीतकार आणि संगीतकाराचा वाटा करार करूनही कंपनीला लिहून देता येत नाही. हे घडवून आणण्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेपर्यंत भांडले होते.

नोंदणी सक्तीची नाही. गाणं वहीत उतरलं किंवा मोबाइलमध्ये रेकॉर्ड झालं, की हक्क तुमचा. पण पुरावा हवा असेल तर गीत किंवा चालीच्या नोंदणीचं सरकारी शुल्क ५०० रुपये आहे, अर्ज ऑनलाइन होतो. तेवढेही नसतील तर स्वतःलाच तारखेसह ई-मेल करून ठेवा. तो कायद्याचा शिक्का नव्हे, पण ‘हे माझं आहे’ म्हणताना हातात काहीतरी असतं.