अमेरिकेंतील विद्यार्थी आणि परतीची वाट



श्रावण लागला कीं आपल्या पुष्कळ घरांतून दूरध्वनीवर एक प्रश्न हमखास विचारला जातो. "गणपतीला येतेस ना गं?" असें आई विचारते, आणि पलीकडून उत्तर येतें, "बघते, आई. आतांच नक्की नाहीं सांगतां येत." मुलगी अमेरिकेंत शिकून पदवीधर झालेली असते, नोकरीलाही लागलेली असते. विमानाच्या तिकिटापुरते पैसे तिच्याजवळ असतात. रजाही मिळण्यासारखी असते. मग अडतें कोठें? घरांतील मंडळी आपापल्या स्वभावाप्रमाणें तर्क करितात. कोणी म्हणतो, तिला तिकडचें वारें लागलें. कोणी म्हणतो, तिला आतां घराची ओढ राहिली नाहीं. आई कांहींच बोलत नाहीं. पण तिच्या मनाला तें लागून राहतें. माझें आजचें भाषण या आईसाठीं आहे. मुलीच्या त्या अर्धवट उत्तरामागें मायेची उणीव नसून बहुधा चार-पांच कागद आणि त्यांवरील तारखा असतात, एवढेंच मला सांगावयाचें आहे.

आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अमेरिकेस गेल्या आणि १८८६ मध्यें फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाची पदवी घेऊन त्याच वर्षीं स्वदेशीं परतल्या. त्या काळीं अवघड होता तो समुद्र. प्रवासास आठवडेच्या आठवडे लागत. परंतु तिकडे उतरण्यास आजच्यासारखा व्हिसा लागत नसे. आज तोच प्रवास एका दिवसांत होतो. मात्र समुद्राची जागा आतां कागदांनीं घेतली आहे. आणि हा प्रश्न थोड्या घरांचा राहिलेला नाहीं. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षांत अमेरिकेंत ११,२६,६९० परदेशी विद्यार्थ्यांची गणना झाली. त्यांपैकीं ३,३१,६०२ भारतीय होते. इतके विद्यार्थी दुसऱ्या कोणत्याही देशाचे नव्हते. एकूण विद्यार्थ्यांपैकीं २,४२,७८२ जण शिक्षण आटोपून त्याच विषयांतील प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेत होते. आजचें भाषण या शेवटच्या वर्गाविषयीं आहे.

परदेशी विद्यार्थ्याला अमेरिकेंत जो व्हिसा मिळतो, त्यास 'एफ-वन' म्हणतात. पदवी मिळाल्यावर, शिकलेल्या विषयाशीं संबंध असलेलें काम बारा महिनेपर्यंत करण्याची सवलत या विद्यार्थ्याला मागतां येते. 'ऑप्शनल प्रॅक्टिकल ट्रेनिंग' असें तिचें लांबलचक नांव आहे; विद्यार्थी तिला नुसतें 'ओपीटी' म्हणतात. हें रूप तिला १९९२ सालच्या नियमांनीं आलें. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांच्या पदवीधरांना २००८ पासून आणखी सतरा महिने मिळूं लागले आणि २०१६ मध्यें त्या सतराचे चोवीस झाले. म्हणजे संगणकशास्त्र शिकलेली मुलगी सर्व मिळून तीन वर्षें तेथें काम करूं शकते. या काळांत ती पगार घेते, घरभाडें भरते, कर भरते; पण कायद्याच्या दृष्टीनें ती अद्यापि विद्यार्थिनीच असते. ही गोष्ट लक्षांत ठेविली म्हणजे पुढील बराचसा गुंता उलगडतो.

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. व्हिसा आणि वास्तव्याचा हक्क या दोन गोष्टी आपण नेहमीं एकच समजतों. वस्तुतः त्या भिन्न आहेत. व्हिसा हा उंबरठ्यावर दाखवावयाचा परवाना आहे. एकदां आंत प्रवेश झाला कीं राहण्याचा हक्क त्यावर अवलंबून नसतो; विद्यार्थ्यासाठीं घालून दिलेले नियम पाळले जात आहेत कीं नाहींत, यावर तो अवलंबून असतो. म्हणून व्हिसाची मुदत आंत असतांना संपली, तर त्यांत कांहींच गैर नाहीं. भारतीय विद्यार्थ्याला हा व्हिसा बहुधा पांच वर्षांपर्यंतचा मिळतो. कोणी दोन वर्षें शिकून तीन वर्षें नोकरी करितो. कोणी चार वर्षांची पदवी घेऊन मग नोकरीस लागतो. दोघांचाही व्हिसा नोकरीच्या दिवसांतच केव्हां तरी संपतो. तो संपला तरी त्यांचें काम सुरळीत चालू असतें. परंतु देशाबाहेर पाऊल पडलें कीं तोच उंबरठा पुन्हां आडवा येतो आणि नवा व्हिसा मिळवावा लागतो. शेजारच्या कॅनडांत किंवा मेक्सिकोंत तीस दिवसांपर्यंत जाऊन, तेथें नवा व्हिसा न मागतां परत आल्यास, जुन्या व्हिसावर आंत घेण्याची सवलत बहुतेकांना आहे. मुंबई-पुण्याच्या वाटेला मात्र ही सवलत नाहीं.

तेव्हां घरीं येऊन परत जाणाऱ्या मुलीजवळ काय काय असावें लागतें तें पाहूं. पहिला, मुदतींतील पासपोर्ट. दुसरा, मुदतींतील व्हिसा. तिसरा, विद्यापीठानें दिलेला 'आय-ट्वेंटी' नांवाचा फॉर्म. त्यावर परदेशी विद्यार्थ्यांचें काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याची प्रवासासाठीं केलेली सही पाहिजे. शिकत असतांना ही सही वर्षभर चालते. ओपीटीच्या काळांत ती सहाच महिन्यांची धरितात, आणि पुष्कळांची चूक येथेंच होते. चौथें, काम करण्याच्या परवानगीचें कार्ड. पांचवें, नोकरी असल्याचें मालकाचें पत्र. हें चौथें कार्ड हातीं आलें कीं घरांतील मंडळींना वाटतें, आतां सर्व मार्ग मोकळे झाले. पण कार्ड सांगतें तें इतकेंच कीं, या व्यक्तीस काम करण्यास हरकत नाहीं. बाहेर जाऊन परत येण्याचा अधिकार त्यांत नाहीं. त्या कार्डाला व्हिसाची जागा घेतां येत नाहीं, आणि व्हिसाला कार्डाची. शिवाय सर्व कागद बिनचूक असले तरी विमानतळावरील अधिकाऱ्याचा निर्णय शेवटचा असतो.

प्रवासाची जोखीम सर्व काळीं सारखी नसते. शिक्षण संपल्यावर साठ दिवसांची सवड मिळते. ओपीटीचा अर्ज न करितां या दिवसांत देश सोडला, तर त्याच आय-ट्वेंटीवर परत जातां येत नाहीं. अर्ज केला आहे पण निर्णय झालेला नाहीं, अशा वेळीं अर्जाची पोंच बरोबर ठेवून जाण्या-येण्यास मनाई नाहीं. परंतु त्यांत अडचण अशी येऊं शकते कीं, अर्ज मंजूर होऊन कार्ड तिकडील पत्त्यावर टपालानें येऊन पडतें आणि परतण्यासाठीं ज्या मुलीला तें हवें, ती असते नाशिकला! नोकरी नसतांना केलेला प्रवास याहून धोक्याचा. ओपीटीच्या पहिल्या बारा महिन्यांत सर्व मिळून नव्वद दिवसांपेक्षां अधिक काळ बेकार राहतां येत नाहीं. वाढीव मुदत मिळाल्यास एकंदर दीडशे दिवस. नोकरी नसतांना परदेशीं काढलेले दिवसही या हिशेबांत धरले जातात. समजा, एका मुलाचे पन्नास दिवस नोकरीच्या शोधांत गेले आणि "रिकामाच आहेस, तर महिनाभर येऊन जा" असें वडिलांनीं त्याला प्रेमानें म्हटलें. तो आला आणि तीस दिवस राहिला, तर परत गेल्यावर नोकरी मिळविण्यास त्याच्यापाशीं उरतात अवघे दहा दिवस. नोकरी असून मालकानें दिलेल्या रजेवर तो आला असता, तर हे दिवस बेकारींत मोजले गेले नसते.

आतां गणपतीचा प्रश्न. ओपीटी संपत आली कीं पुष्कळांचे मालक 'एच-वन-बी' या नोकरीच्या वर्गासाठीं अर्ज करितात. त्याची नांवनोंदणी मार्च महिन्यांत होते, निवड झालेल्यांचे अर्ज एप्रिलपासून घेतले जातात आणि नवें वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतें. देश न सोडतां विद्यार्थ्याचा नोकरदार व्हावा, अशी विनंती या अर्जांत करितां येते. पण ती विचाराधीन असतांना अर्जदार देशाबाहेर गेला, तर त्यानें ती विनंती सोडून दिली असें मानण्यांत येतें. आतां पंचांग उघडून पाहावें. आपला भाद्रपद पडतो ऑगस्ट-सप्टेंबरांत, म्हणजे नेमका एप्रिल आणि ऑक्टोबर यांच्या मधल्या खिंडींत! सप्टेंबर २०२५ मध्यें अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनीं काढलेल्या घोषणेनें ही खिंड अधिकच अरुंद झाली. देशाबाहेरील व्यक्तीसाठीं केलेल्या अशा नव्या अर्जावर १,००,००० डॉलरांची रक्कम बसविण्यांत आली. पुढील महिन्यांत सरकारनें खुलासा केला कीं, आंत राहूनच वर्ग बदलूं पाहणाऱ्यांना ही रक्कम लागू नाहीं. पण निर्णय होण्यापूर्वीं जो देश सोडील, त्याला ती लागू होईल. घोषणेची मुदत प्रथम बारा महिन्यांची ठरविली होती. तिचें पुढें कांहींही होवो, आरतीला घरीं येण्याची किंमत कोठवर जाऊं शकते, याचा बोध त्यावरून होतो.

नवा व्हिसा मागण्याचें काम तरी सोपें आहे काय? १९५२ च्या अमेरिकन कायद्याचें गृहीतच असें आहे कीं, असा व्हिसा मागणारा मनुष्य कायमचा राहण्यासाठींच येत आहे. तसें नाहीं हें पटवून देण्याचा भार त्याच्यावर असतो. कॉलेजांत जाणाऱ्या मुलाला हें सांगणें त्या मानानें सोपें. जो तिकडे दोन वर्षें पगार घेत आहे, त्यानें वांद्रे-कुर्ला संकुलांतील वकिलातीच्या खिडकीपुढें उभें राहून "मी अनुभव घेऊन परत येणार आहें" असें सांगावयाचें असतें. समोरच्या अधिकाऱ्याचें समाधान झालें नाहीं, तर नोकरी, भाड्याचें घर आणि दारांत उभी केलेली मोटार तिकडे राहते, आणि मुलगा इकडे! २०२५ मध्यें या कामीं आणखी अटी आल्या. विद्यार्थी-व्हिसाच्या अर्जदारांनीं समाजमाध्यमांवरील आपलीं खातीं सर्वांना पाहण्यास खुलीं ठेवावींत, असें जूनमध्यें सांगण्यांत आलें. सप्टेंबरपासून प्रत्यक्ष मुलाखतीची माफी बहुतेकांस मिळेनाशी झाली. त्याच महिन्यांत, अर्जदारानें आपल्या राष्ट्रीयत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशांतच अर्ज करावा, असेंही ठरलें. कोणी तिसऱ्याच देशांत जाऊन काम उरकून घेत असत. ती वाट अशा रीतीनें अडली.

हें ऐकून कोणी म्हणेल, मग मुलांनीं यावेंच नाहीं काय? तसें मुळींच नाहीं. दरवर्षीं पुष्कळ मुलें येतात आणि निर्विघ्नपणें परत जातात. ज्याचा व्हिसा मुदतींत आहे, सही ताजी आहे, कार्ड व नोकरीचें पत्र हातीं आहे आणि ज्याचा दुसरा कोणताही अर्ज अडकलेला नाहीं, त्यानें अवश्य यावें. म्हणून घरच्या मंडळींना माझें सांगणें एवढेंच कीं, मुहूर्त ठरविण्यापूर्वीं तारखा विचाराव्यात. बहिणीच्या लग्नाचें कार्यालय आगाऊ पैसे भरून ठरविलें आणि मग भावाला कळविलें, असें करूं नये. "तुझा व्हिसा केव्हांपर्यंत आहे? सही कधींची? कोणता अर्ज चालू आहे काय?" हे तीन प्रश्न आधीं विचारावेत. अंतिम सल्ला मात्र विद्यापीठांतील त्या अधिकाऱ्याचाच घ्यावा. नियम बदलत असतात, आणि शेजाऱ्याच्या मुलाला जें जमलें तें आपल्या मुलाला जमेलच असें नाहीं. आईवडिलांना प्रवास झेपत असेल, तर त्यांनीं आपला पाहुण्याचा व्हिसा निकड नसतांनाच मिळवून ठेवावा. तो भारतीयांना दहा वर्षांपर्यंतचा मिळूं शकतो, आणि मुलाला येतां येत नसेल तेव्हां आपल्याला तरी जातां येतें.

आणखी एक गोष्ट सांगितल्याखेरीज राहवत नाहीं. आपल्याकडे आजारपण मुलांपासून लपवून ठेवण्याची रीत आहे. "उगाच त्याला काळजी नको," असें म्हणून वडिलांच्या दुखण्याची बातमी अगदीं शेवटीं कळवितात. हेतु मायेचा असतो; पण त्या मायेनें मुलाचे तेच दिवस जातात, ज्यांत त्यानें सही मिळविली असती, मालकाचें पत्र घेतलें असतें, अर्ज अडकला असल्यास जाणत्याला विचारून निर्णय केला असता. बाहेर पडण्याचा दरवाजा तिकडे कोणीच बंद केलेला नाहीं. ज्याला यावयाचें आहे तो आज रात्रींच्या विमानानें येऊं शकतो. प्रश्न असतो तो परतण्याचा. वडिलांच्या उशाशीं बसण्यासाठीं तो प्रश्न बाजूला ठेवावा कीं नाहीं, हें त्या मुलानें ठरवावयाचें. पण पुरती माहिती हातीं घेऊन आणि वेळेवर ठरवितां यावें, इतका हक्क घरानें त्याला द्यावयास हवा.

तेव्हां यंदा दूरध्वनीवर "नक्की नाहीं सांगतां येत" असें उत्तर आलें, तर राग मानूं नये. "अडलें कोठें तें सांग," असें विचारावें. कदाचित् ती मुलगीही तो प्रश्न कोणीतरी विचारावा, म्हणून वाट पाहत असेल.