गरोदरपणातला वाढता रक्तदाब: रक्त काय सांगते?

पाय सुजले की ‘दिवस गेलेत म्हटल्यावर एवढं चालायचंच’ असे घरातली मोठी माणसे म्हणतात. बहुतेकदा ते खरेही असते. पण सुजेबरोबर डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा बरगडीखाली दुखणे असेल, तर त्याच दिवशी रक्तदाब मोजायलाच हवा. 20 आठवड्यांनंतर तो 140/90 किंवा त्याहून जास्त आणि लघवीत प्रथिने, म्हणजे प्री-एक्लॅम्प्सिया. पुढे झटके आले, की आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतते.

बिघाड वारेत

गर्भाशयाच्या नागमोडी रक्तवाहिन्या गरोदरपणात रुंद होतात. इथे त्या अरुंदच राहतात. वारेला रक्त अडखळत मिळते आणि तिथे ऑक्सिजनचे उपद्रवी मुक्त कण तयार होतात. ठेवून ठेवून तेल खवट होते, तसेच काहीसे पेशींच्या आवरणातील स्निग्धांशाचे होते. त्यातून उरणारे मॅलॉनडायअल्डिहाइड रक्तात मोजता येते. अनेक अभ्यासांत ते अशा मातांमध्ये वाढलेले आढळले आहे.

प्रतिकारशक्तीही बिथरते. बाळात निम्मा वाटा वडिलांचा, तरी आईचे शरीर त्याला सांभाळून घेते, कारण काही टी-पेशी लगाम धरतात. प्री-एक्लॅम्प्सियात त्या घटतात आणि दाह वाढवणारी इंटरल्युकिन-6सारखी द्रव्ये वाढतात.

मग अँटिऑक्सिडंट गोळ्या?

तर्क सरळ वाटतो, पण तो फसला. 2006 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत क आणि ई जीवनसत्त्वाने आजार टळला नाही, उलट कमी वजनाची बाळे जास्त जन्मली. उपयोगी ठरली ती साधी अ‍ॅस्पिरिन. 2017 च्या चाचणीत जोखमीच्या मातांना रोज 150 मिलिग्रॅम दिल्यावर 37 आठवड्यांआधीचा प्री-एक्लॅम्प्सिया निम्म्याहून कमी झाला. मात्र ती 16 आठवड्यांच्या आत, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू करायची असते.

इथेच सातारा-सांगलीची अडचण आहे. कराड आणि मिरजेत वैद्यकीय महाविद्यालये आहेत, दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची मोफत तपासणी असते. पण गळीत हंगामात बीडहून आलेली ऊसतोडणी करणारी बाई फडात असते. तिची नोंद गावाकडे, कार्ड पेटीत. हे 16 आठवडे कोपीवरच सरतात.