अमेरिकेतील मालमोटारचालक : संघातील नोकरी की संघाबाहेरची?

अमेरिकेत मालमोटार चालविण्याची नोकरी पत्करू इच्छिणाऱ्याने प्रथम हे ध्यानी घ्यावे, की १९३८ च्या श्रमकायद्यातील जादा तासांच्या दीडपट मोबदल्याची तरतूद आंतरराज्य मालवाहतुकीच्या चालकांस बहुधा लागू होत नाही. म्हणून गोदामाच्या दाराशी माल उतरण्याची प्रतीक्षा करण्यात गेलेल्या तासांचे दाम मिळणार, की केवळ कापलेल्या मैलांचेच, हे बहुतांशी करारनाम्यावर अवलंबून राहते.

१९०३ साली स्थापन झालेल्या टीमस्टर्स या चालकांच्या कामगार संघाने जिमी हॉफा यांच्या नेतृत्वाखाली १९६४ मध्ये देशव्यापी करार घडवून आणला खरा. परंतु १९८० च्या कायद्याने या धंद्यावरील सरकारी निर्बंध सैल होताच संघाबाहेरील कंपन्यांचे पेव फुटले.

संघाच्या नोकरीत निवृत्तिवेतन, आरोग्यविमा आणि बडतर्फीविरुद्ध रीतसर दाद मागण्याची सोय असते. संघाबाहेर, मालकाची मर्जी फिरली की सहसा चाकरी संपली. मात्र ज्या सेवाज्येष्ठतेचा एवढा गौरव होतो, तीच नवागतास जाचते : जुन्यांनी सोयीचे मार्ग निवडून घेतल्यावर उरलेल्या फेऱ्या, त्याही अपरात्री फोन खणखणताच निघण्याच्या, त्याच्या पदरी पडतात. शिवाय ही ज्येष्ठता त्या कंपनीपुरतीच. २०२३ मध्ये यलो ही संघवाली कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा सुमारे ३०,००० नोकऱ्या बुडाल्या. उलट ओल्ड डोमिनियनसारख्या संघाबाहेरील कंपन्या चालकांस उत्तम वेतन देतात. टेक्सासादी राज्यांत तर संघाची वर्गणी भरणे ऐच्छिक असून कराराचा लाभ न भरणाऱ्यासही मिळतो, ही फुकटेपणाची मुभा प्रस्तुत लेखकास मुळीच रुचत नाही.