वॉशिंग मशीन बंद पडले? मेकॅनिकला फोन करण्याआधी

ईदच्या आदल्या आठवड्यात वॉशिंग मशीन बंद पडते, हे इतक्या घरांतून ऐकू येते की त्याला आता कुणी योगायोग म्हणत नाही. तो योगायोग नाहीच. एरवी ज्या मशीनमध्ये रोजचे चार-पाच जोड पडतात, त्यात त्या आठवड्यात पडदे, सोफ्याची कव्हरे, रजईचे अभ्रे, जानमाज आणि पाहुण्यांसाठी काढलेल्या चादरी कोंबल्या जातात. जाड पडदा पाणी प्यायल्यावर किती जड होतो, याचा हिशेब कुणी करत नाही. मग मशीन नुसते घुमते आणि थांबते. त्या दिवसांत मेकॅनिकही सगळ्यांनाच हवा असतो. तो ‘उद्या येतो’ म्हणतो, आणि सात माणसांचे कपडे पुन्हा मोरीत, म्हणजे घरातल्या एकाच बाईच्या कमरेवर येतात.

दुसरीही एक अडचण आहे, ती फारशी बोलली जात नाही. रत्नागिरी-रायगडकडच्या कितीतरी घरांतले कर्ते पुरुष आखातात नोकरीला आहेत. घरी सासू, सून आणि शाळेत जाणारी मुले. अनोळखी माणूस दुपारी येणार, मशीन उघडणार आणि ‘मोटर गेली’ म्हणणार. ती खरेच गेली का, हे विचारायचे कसे? पैसे दिले जातात आणि विषय संपतो. आमच्या ओळखीच्या एका घरात असेच मोटर बदलण्याचे ठरत होते. घरातल्या मुलीने मागचे झाकण उघडून पाहिले, तर बेल्ट निसटून खाली पडलेला होता.

म्हणून मेकॅनिकचे काम आपण करावे, असे आमचे म्हणणे नाही. पण बिघाड कोणत्या टप्प्यावर झाला, एवढे तरी घरच्या माणसाला कळायला हवे. पाणी येत नाही, चकती फिरत नाही, पाणी जात नाही किंवा स्पिनर फिरत नाही, या चारपैकी नेमके काय होत नाही ते सांगता आले की निम्मे निदान झाले. आणि यातल्या बऱ्याच गोष्टी अडकलेल्या वस्तूमुळे किंवा शे-दोनशे रुपयांच्या भागामुळे होतात.

आधी प्लग, मग बाकीचे

मशीनला हात लावण्याआधी प्लग उपसून काढायचा. नुसते बटण बंद करून भागत नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये स्विच कधी कधी फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेला असतो. मग बटण बंद असूनही मशीनमध्ये वीज असते. हात कोरडे, जमीन कोरडी, पायात रबरी चप्पल.

मशीनला हात लावल्यावर कधी झिणझिण्या येतात का? ‘थोडा करंट मारते’ असे आपण हसत सांगतो. ही हसण्याची गोष्ट नाही. ओली मोरी, अनवाणी पाय आणि पत्र्याची बॉडी यांच्यापेक्षा धोकादायक जागा घरात दुसरी नसेल. प्लगची तिसरी, जाड पिन अर्थिंगची. आतली वीज बॉडीला लागली तर तिला जमिनीत जायला वाट मिळावी, म्हणून ती असते. जुन्या चाळींत आणि गावाकडच्या घरांत बोर्डाला तिसरे भोक असते, पण त्याच्या मागे तारच नसते. काही ठिकाणी तर दोन पिनांचा जुगाड लावून मशीन चालते. तो आजच काढावा.

टेस्टर बॉडीला लावल्यावर दिवा लागला तर मशीन वापरणे तिथेच थांबवायचे. दिवा लागला नाही म्हणून अर्थिंग आहे असे मात्र धरू नका. ते इलेक्ट्रिशियनने मोजूनच कळते. त्याला आणखी एक विचारा: मीटरजवळ आरसीसीबी आहे का? एमसीबी वायरिंग जळू नये म्हणून असतो, तो माणसाला वाचवत नाही. आरसीसीबी मात्र वीज शरीरातून जमिनीकडे वाहू लागली की क्षणात पुरवठा तोडतो. घरासाठी तो ३० मिलिअँपिअरचा घ्यावा. मशीनच्या दुरुस्तीवर खर्च करण्याआधी हा खर्च करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पाणी जात नाही

आपल्याकडे अजून पुष्कळ घरांत दोन टबांचे सेमी-ऑटोमॅटिक मशीन आहे. आम्हाला ते आवडते. पाणी कमी असले तरी चालते, बादलीने भरता येते आणि उघडून पाहण्यासारखे असते. या मशीनमध्ये पाणी बाहेर फेकणारा पंप सहसा नसतो. पाणी आपल्या उताराने जाते. म्हणून ड्रेनचा पाइप मोरीच्या कठड्यावरून उचलून टाकला असेल, तर मशीनमध्ये बिघाड काहीच नसतो. पाइप खाली ठेवला की झाले.

पाइप खालीच असेल तर आत काहीतरी अडकले आहे. आपल्या घरांतल्या मशीनमध्ये काय काय सापडते, याची यादी कंपनीच्या माहितीपुस्तकात मिळणार नाही. हिजाबच्या टाचण्या, बुरख्यावरचे खडे आणि टिकल्या, दुपट्ट्याची जर, कुर्त्याच्या खिशात राहिलेली तसबीह तुटून सुटलेले मणी, मिस्वाकचा तुकडा, नाणी. आणि सलवारची नाडी! ती टाचण्यांसारखी गुपचूप खाली जात नाही. तळाच्या चकतीला गुंडाळत जाते आणि शेवटी चकतीच थांबवते.

धुण्याच्या टबात बाजूच्या भिंतीला भोकांची उभी प्लॅस्टिकची पट्टी असते. बहुतेक मशीनमध्ये ती एका स्क्रूवर किंवा खाचेवर बसवलेली असते. ती काढली की मागे ड्रेनचा रबरी व्हॉल्व्ह दिसतो. तिथला गाळ, केस, धागे हाताने काढा, रबर ओल्या फडक्याने पुसा. धुताना पाणी आपोआप गळून जात असेल तर त्याचेही कारण बहुधा इथेच असते. रबराखाली एखादा खडा बसला की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. रबर चिरले असेल तर नवे घालावे.

तुंबलेल्या ड्रेनचा प्रश्न फक्त सोयीचा नाही. मळके पाणी पूर्ण गेले नाही, तर वर ओतलेले स्वच्छ पाणी त्यातच मिसळते आणि कपडे पुन्हा त्याच पाण्यात खंगाळले जातात. पाकीचा मसला आपण आपल्या आलिमांना विचारावा, तो आमचा विषय नाही. पण त्यांना विचारताना मशीन पाणी पूर्ण टाकते की नाही, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

घुमते, पण फिरत नाही

हा आवाज आला की आधी मशीन बंद करा. थांबलेल्या मोटरला वीज मिळत राहिली तर तिची वाइंडिंग तापते आणि जळते. मग खरोखरच मोटर बदलावी लागते. पाच मिनिटे ‘बघू या चालते का’ म्हणून घालवणे फार महागात पडते.

प्लग काढून चकती हाताने फिरवून पाहा. अडकत असेल तर मधला स्क्रू काढून चकती वर ओढा. खाली नाडी, मोजा किंवा नाणे सापडण्याची शक्यता मोठी. चकती अगदी हलकी, मोकळी फिरत असेल तर बेल्ट तुटला किंवा निसटला असावा. मागचे झाकण चार-सहा स्क्रूंवर असते. बेल्ट बोटाने दाबला तर अर्धा इंचभर दबावा. त्याहून ढिला असेल तर मोटरचे नट सैल करून मोटर थोडी मागे सरकवावी आणि पुन्हा आवळावी. नवा घ्यायचा तर जुना सोबत न्यावा, त्यावर नंबर छापलेला असतो.

चकती मोकळी नाही, बेल्ट शाबूत आहे, तरी मोटर नुसती घुमते, तेव्हा संशय कपॅसिटरवर घ्यावा. घरगुती विजेवर अशी मोटर आपली आपण सुरू होत नाही, तिला पहिला रेटा कपॅसिटर देतो. तो कमजोर झाला की मोटर जागच्या जागी गुरगुरते. मात्र प्लग काढल्यावरही यात वीज साठून राहू शकते, म्हणून त्याच्या टोकांना हात लावू नये. हे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे आणि त्याला सांगावे की जुन्यावर जितके मायक्रोफॅरड आणि जितके व्होल्ट लिहिले आहेत तेच आणा. ‘थोडा मोठा टाकतो, जोर येईल’ या म्हणण्यावर जाऊ नये. आणि गावात संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर हाच आवाज चांगल्या मशीनलाही येतो. सकाळी चालवून पाहा.

स्पिनरची गोष्ट थोडी निराळी. त्याचे झाकण उघडले की ब्रेक लागतो, बंद केले की एका तारेने ब्रेक सुटतो. ती तार तुटली किंवा ढिली पडली तर ब्रेक लागलेलाच राहतो आणि मोटर घुमत बसते. त्याहून साधे कारण म्हणजे रुमाल किंवा लहान मुलाचा मोजा स्पिनरच्या कडेवरून खाली सरकून अडकतो. कपड्यांवर दाबायची प्लॅस्टिकची जाळी त्यासाठीच असते, आणि बहुतेक घरांत ती पहिल्या वर्षातच हरवते! स्पिनरच्या खालून पाणी ठिबकत असेल तर आजचे उद्यावर टाकू नका. ते रबरी सील गेल्याचे लक्षण आहे आणि पाणी थेट खालच्या मोटरवर पडते.

जाता जाता उंदरांबद्दल. मशीनची खालची बाजू उघडी असेल तर ते आत घर करतात आणि वायरी कुरतडतात. खाली जाळी बसवून घ्यावी.

फुल ऑटोमॅटिकमध्ये घरी करण्यासारखे कमी असते. पाणी हळू भरत असेल तर नळ बंद करून मागचा पाइप काढा. मशीनच्या तोंडाशी बोटाएवढी जाळी असते, ती ब्रशने धुवा. समोरून उघडणाऱ्या मशीनला खाली कोपऱ्यात छोटे झाकण असते, त्यामागे पंपाचा फिल्टर. पसरट ताट खाली ठेवून, पाणी गार झाल्यावरच तो उघडावा. पडद्यावर अक्षरे येतात, तीही वाचावीत. एलजीच्या मशीनवर ‘आयई’ म्हणजे पाणी आत येत नाही, ‘ओई’ म्हणजे बाहेर जात नाही, ‘यूई’ म्हणजे कपडे एका बाजूला गोळा झाले आहेत. बाकीच्यांचे संकेत निराळे, ते त्यांच्या पुस्तिकेत असतात.

मराठवाडा-सोलापूरकडे बोअरचे पाणी जड असते. गरम पाण्याच्या मशीनमध्ये त्याचा पांढरा थर हीटरवर बसतो. किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्व शंभर ग्रॅम टाकून, कपडे न घालता गरम पाण्याची एक फेरी चालवावी. त्याच वेळी ब्लीच घालू नये, त्यातून विषारी वायू निघतो.

इलेक्ट्रॉनिक कार्ड, बेअरिंग आणि वाइंडिंग ही तीन कामे आपली नव्हेत. वॉरंटी चालू असेल तर एकही स्क्रू उघडू नये. मेकॅनिक आला की त्याला लक्षण सांगावे, निदान त्याला करू द्यावे. बदललेला जुना भाग परत मागावा, पक्के बिल घ्यावे आणि त्यावर नव्या भागाची वॉरंटी लिहून घ्यावी. यात संकोच कसला? कंपनीचे सर्व्हिस सेंटर दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टलही सुरू केले आहे. युरोपीय संघात तर २०२१ पासून वॉशिंग मशीनचे महत्त्वाचे सुटे भाग दहा वर्षे उपलब्ध ठेवणे उत्पादकांवर बंधनकारक आहे.

सुटे भाग आणायला मुंबईत लोहार चाळ, पुण्यात तपकीर गल्ली किंवा आपल्या शहरातले इलेक्ट्रिकचे दुकान. दुकानदार पहिला प्रश्न मॉडेल नंबरचा विचारतो. तो मशीनच्या मागच्या स्टिकरवर असतो आणि मोरीतल्या ओलीने हळूहळू पुसला जातो. पुढच्या वेळी मशीन भिंतीपासून सरकवाल, तेव्हा त्याचा मोबाइलवर फोटो काढून घ्या, आणि वायरी कुठे कशा जोडल्या आहेत त्याचाही.